मध्यरात्रीचा सूर्य बघायला उत्तर नॉर्वे: आई-बाबांना घेऊन जूनमध्ये जावं का?

कळंबा_नाका

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापूरचे. पुढच्या वर्षी मुलीच्या उन्हाळी सुट्टीत उत्तर नॉर्वेला, म्हणजे ट्रोम्सो शहर आणि लोफोटेन बेटांना जायचं ठरवतोय. माणसं पाच: आम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी, बाबा (७१) आणि आई (६६). आईला मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन घ्यावं लागतं. ती पूर्ण शाकाहारी, संकष्टी आणि एकादशी पाळणारी. बाबांना बीपीची गोळी चालू आहे आणि गुडघ्यांमुळे चढ फार जमत नाही. नेमके प्रश्न असे:

१) एक टूरवाले म्हणतात, जूनमध्ये गेलात तर मध्यरात्रीचा सूर्य नक्की आणि नशीब असेल तर नॉर्दर्न लाइट्सही (ध्रुवाकडच्या रात्रीच्या आकाशातले रंगीत प्रकाशपट्टे) दिसतील. हे खरं का?
२) चोवीस तास उजेड असताना वयस्कर माणसांना झोप कशी लागते? हॉटेल निवडताना काय बघावं?
३) औषधांच्या वेळा कशा सांभाळायच्या?
४) व्हिसासाठी कधी सुरुवात करावी? बाबांचं उत्पन्न सगळं शेतीचं, रिटर्न भरलेले नाहीत.
५) खायला इथून काय काय नेता येतं?

उत्तरायण

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे, आणि सगळी ट्रिप त्यावरच उभी राहते. नॉर्दर्न लाइट्स जूनमध्येही होत असतात, पण ते दिसायला आकाश काळं लागतं. ट्रोम्सोला मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत रात्र काळी होतच नाही. त्यामुळे नशिबाचा इथे काही संबंध नाही. दोन्ही बघायचं तर दोन वेळा जावं लागतं.

क्षितिज मोकळं असेल तर मध्यरात्रीचा सूर्य साधारण या काळात दिसतो:
बोडो: ४ जून ते ८ जुलै
लोफोटेन (स्वोल्व्हेर): २८ मे ते १४ जुलै
ट्रोम्सो: २० मे ते २२ जुलै
नॉर्डकॅप (नॉर्वेचं उत्तर टोक): १४ मे ते २९ जुलै

ओस्लो आर्क्टिक वृत्ताच्या बरंच खाली आहे. तिथे जूनमध्ये दिवस जवळपास १९ तासांचा होतो, पण सूर्य मावळतो. ‘नॉर्वे ८ दिवस’ अशी पॅकेजं ओस्लो-बर्गन फिरवून आणतात, तेव्हा पॅकेज घेतलंत तर आर्क्टिक वृत्ताच्या, म्हणजे ६६ अंश ३३ मिनिटांच्या वर किती रात्री मुक्काम आहे तेवढं मोजा.

तुमच्या मुलीची शाळा जूनच्या मध्याला उघडणार. म्हणजे २८ मे ते १२ जून हा तुमचा काळ, आणि तो चांगलाच आहे. जुलैमध्ये खुद्द नॉर्वेजियन लोक सुट्टीवर निघतात, राहायच्या जागा महाग होतात आणि मिळतही नाहीत. मेअखेर डोंगरमाथ्यांवर बर्फ असतो, उंचावरच्या पायवाटा बंद किंवा निसरड्या असतात. तुम्हाला चढायचंच नाही, त्यामुळे फरक पडत नाही. तापमान ५ ते १३ अंश धरा, वारा आणि पाऊस वेगळे.

आता उजेडाचं गणित. आपल्याकडे सगळ्यात मोठा दिवस सुमारे १३ तासांचा आणि सगळ्यात लहान सुमारे ११ तासांचा. त्यामुळे सूर्य पूर्वेला उगवतो, पश्चिमेला मावळतो एवढं डोक्यात पक्कं असतं. ट्रोम्सोला जूनमध्ये तो देवळाभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखा क्षितिजाभोवती फिरतो: सकाळी पूर्वेला, दुपारी दक्षिणेला, संध्याकाळी पश्चिमेला आणि मध्यरात्री उत्तरेला. २१ जूनला दुपारी त्याची उंची सुमारे ४४ अंश, तर मध्यरात्री जेमतेम ३ अंश. हात लांब करून दोन बोटं आडवी धरा, साधारण तेवढी. शिवाय घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे केलेलं असतं, त्यामुळे सूर्य सगळ्यात खाली येतो तो बाराला नाही, पाऊणच्या सुमाराला. बारा वाजून पाच मिनिटांनी फोटो काढून खाली उतरू नका.

यातून दोन गोष्टी निघतात.

एक, मध्यरात्रीचा सूर्य बघायला उत्तरेकडचं क्षितिज मोकळं पाहिजे. मध्ये डोंगर आला की उजेड असतो, सूर्य दिसत नाही. लोफोटेनमधलं रेइने हे फोटोतलं सगळ्यात देखणं गाव, पण ते बेटाच्या आग्नेय बाजूला, डोंगरांच्या आड आहे. तिथे मध्यरात्रीच्या सूर्यासाठी राहू नका. त्यासाठी एग्गुम, उत्ताक्लेइव्ह किंवा गिम्सोय बेटावरचं होव ही उत्तर-वायव्येकडे समुद्र असलेली ठिकाणं गाठा. गाडी बऱ्यापैकी जवळ जाते, बाबांना फार चालावं लागणार नाही. ट्रोम्सोत फ्येलहाइसेन ही केबल कार ४२१ मीटरवर स्टुर्स्टाइनन या डोंगरकड्यावर नेते. वर कॅफे आहे, सज्जा आहे, बसायला जागा आहे. उन्हाळ्यात ती रात्री उशिरापर्यंत चालू असते.

दोन, खोली. उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीत रात्री दहा ते तीन थेट ऊन आत येतं. ‘मिडनाइट सन व्ह्यू’ म्हणून तीच खोली जास्त पैशांत विकतात. झोपायला दक्षिणेकडची खोली मागा. बुकिंग करताना लिहूनच विचारा: झोपायच्या खोलीला पूर्ण काळोख करणारे पडदे आहेत का, आणि खिडकी कोणत्या दिशेला आहे. हॉटेलांत पडदे बहुतेक असतात. मासेमारांच्या जुन्या लाकडी घरांत, म्हणजे रोरबूत, मात्र बऱ्याचदा नुसता पातळ कापडी पडदा असतो. सोबत आठ-दहा कपड्यांचे चिमटे, मोठ्या काळ्या कचरा-पिशव्या आणि रंग न उखडणारी कागदी चिकटपट्टी ठेवा. पिशवी काचेला नाही, चौकटीला चिकटवायची आणि खालची फट आधी बंद करायची. सगळ्यात जास्त उजेड पडद्याच्या बाजूंनी आणि खालून येतो, मधून नाही.

मंगळवारपेठ_मेडिकल

झोप आणि औषधांबद्दल.

भारत आणि नॉर्वेच्या वेळेत उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार. आपले रात्रीचे साडेदहा म्हणजे तिथले संध्याकाळचे सात. पहिले दोन-तीन दिवस आई-बाबांना सातलाच पेंग येईल आणि पहाटे दोनला टक्क जाग येईल. त्या जाग आलेल्या वेळी काय करता यावर पुढचे दिवस अवलंबून आहेत. दोनला उठून पडदा उघडला की बाहेर लख्ख ऊन, आणि त्या वेळी डोळ्यावर पडलेला उजेड शरीराचं घड्याळ पुन्हा भारताच्या वेळेकडे ओढतो. संध्याकाळचा उजेड उलट काम करतो, झोप पुढे ढकलतो. म्हणून पहिले दोन दिवस सातला जेवण झाल्यावर साडेआठ-नऊपर्यंत बाहेर फिरवा, साडेनऊला पडदे बंद आणि दहाला आडवं व्हायचं. रात्री जाग आली तरी खोली काळोखीच राहू द्या. बाथरूमला जायला मंद बॅटरी वापरा, मोठा दिवा नको, फोन तर नकोच.

डोळ्यावरची पट्टी डोळ्यांपुरती फुगीर असलेली घ्या. सपाट पट्टी पापण्यांवर दाबली जाते आणि नाकाच्या बाजूने उजेड येत राहतो. बाबांसाठी झोपेची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. नव्या जागी, रात्री उठताना तोल जाऊन पडायचा धोका असतो.

सगळ्यांच्या फोनवर आणि घड्याळात २४ तासांची वेळ लावून टाका. दुपारी गाढ झोपून उठल्यावर ‘२:१०’ दिसलं तर खिडकीबाहेर बघून ते दुपारचे की रात्रीचे हे कळत नाही. औषधाचा गजरही १४:०० की ०२:०० असा लावलेला असला की घोळ होत नाही.

आता आईंचं इन्सुलिन. रात्री दहाचा डोस तिथल्या संध्याकाळी साडेसहाला येतो. तो एकदम तिथल्या दहावर न्यायचा की दोन दिवसांत सरकवायचा, हे इन्सुलिनच्या प्रकारावर ठरतं. तुमच्या डॉक्टरांकडून प्रवासाच्या दिवसाचं आणि पहिल्या तीन दिवसांचं वेळापत्रक तासांसकट लिहून घ्या. ‘तिकडे गेल्यावर बघू’ असं चालत नाही. उजेडामुळे माणसं न कळत रात्री अकरापर्यंत फिरतात, जेवण लांबतं, चालणं दुप्पट होतं, आणि नेहमीच्याच डोसवर साखर उतरते. संध्याकाळी सातचा जेवणाचा गजर लावा, खिशात ग्लुकोज ठेवा. संकष्टी-एकादशीचा उपवास इन्सुलिनवर करायचा का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

इन्सुलिन, सुया आणि ग्लुकोमीटर कायम हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नीट दिसलं तरी निकामी असतं. खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवलं तरी तेच होतं. ते दाराच्या कप्प्यात ठेवा. ग्लुकोमीटर गार पडला तर एरर दाखवतो, बाहेर असताना तो आतल्या खिशात ठेवा.

नॉर्वेत आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून औषध मिळत नाही. मुक्कामाची औषधं आणि वर दहा दिवसांची जादा न्या, ती दोन हातबॅगांत विभागून. मूळ पट्ट्या राहू द्या, गोळ्या काढून डबीत भरू नका. चिठ्ठी इंग्रजीत, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहिलेली हवी, कारण आपल्या कंपन्यांची नावं तिथे कुणाला कळत नाहीत. ॲम्ब्युलन्स ११३, आणि जिवावरचं नसलेलं पण तातडीचं काही असेल तर ११६११७.

गुळाची_ढेप

व्हिसा आणि सामान मी सांगतो.

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस, कागद अडले तर ४५ पर्यंत. जूनसाठी जानेवारीत अर्ज टाका. एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. फी मोठ्यांना ९० युरो, मुलीला ४५. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जाणार असाल तर रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून सकाळी नऊची वेळ घेऊ नका, गाडी लेट झाली की सगळंच गेलं. दुपारची घ्या. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

बाबांची शेती ही अडचण नाही, उलट परत येण्याचं ते भक्कम कारण आहे. तुम्ही खर्च करताय असं पत्र, तुमचे रिटर्न, पगाराचं किंवा धंद्याचं बँक स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा लावा. त्यांच्या बाजूने सातबारा, आठ-अ आणि कारखान्याच्या ऊसबिलाची रक्कम जमा झालेलं पासबुक. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा. अर्जाच्या आदल्या महिन्यात खात्यात अचानक मोठी रक्कम भरू नका. बिल जमा झालं असेल तर ते बिलच जोडा, म्हणजे पैसा कुठून आला ते दिसतं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आईंचा मधुमेह त्यात जाहीर करा आणि आधीपासूनच्या आजाराला संरक्षण मिळतं का ते पॉलिसीत वाचून मगच घ्या.

कुणी स्वालबार्ड या आणखी उत्तरेकडच्या बेटांवर जायचं सुचवलं तर लक्षात ठेवा, ते नॉर्वेचं असलं तरी शेंगेनबाहेर आहे. तिथून ओस्लोला परतताना पुन्हा शेंगेनमध्ये शिरावं लागतं, म्हणून व्हिसा दोन किंवा जास्त प्रवेशांचा हवा. तुमच्या ट्रिपमध्ये त्याची गरज नाही.

विमान: शेंगेनचं इमिग्रेशन पहिल्या शेंगेन विमानतळावर होतं. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे ठशांची तपासणी आणि चेहऱ्याची नोंद होते, रांग लांबते. पुढच्या विमानाला किमान तीन तास ठेवा. ओस्लोला सामान उचलून कस्टममधून न्यायचं आणि पुन्हा टाकायचं का, हे मुंबईच्या काउंटरलाच विचारा. बाबांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा.

खाणं. नॉर्वेत युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर, दुधाची पावडर, तुपातले लाडू, सगळं घरी. बटाटाही नेता येत नाही. ताजी भाजी, कढीपत्त्याच्या काड्या, फळं यांच्या भानगडीत पडू नका. चालतं ते कोरडं: पोहे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंग, तांदूळ, मुगाची डाळ, उपवासाला साबुदाणा आणि राजगिरा. कांदा-लसूण मसाला दोन झिप पिशव्यांत बंद करून न्या, नाहीतर सगळे स्वेटर तोच वास घेऊन फिरतील.

पाच माणसांनी दोन वेळ बाहेर जेवायचं तिथे परवडत नाही, आणि छोट्या गावांत शाकाहारी म्हणून चिप्स आणि सॅलडच पुढे येतं. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. रेमा १०००, किवी, कूप या दुकानांत भाजी, दूध, दही, ब्रेड मिळतं. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध गोठवायचं द्रव्य) असू शकतं, आईंसाठी ते टाळलेलं बरं. शेगड्या विजेच्या, बऱ्याच ठिकाणी इंडक्शन. इथून छोटा कुकर नेणार असाल तर चुंबक चिकटतो का बघून घ्या. फोडणी देताना आधी पंखा पूर्ण वेगात लावा, तेल धुरावेपर्यंत तापवू नका आणि लगेच झाकण ठेवा. धुराचे अलार्म फार संवेदनशील असतात. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, फक्त आपली जाड तीन पिनांची वायर बसत नाही, त्याला दोन गोल पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो. पाणी नळाचं प्या, बाटल्या घेऊ नका. रोख पैशांची गरज जवळपास पडत नाही, पण दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं ठेवा.

कळंबा_नाका

मनापासून धन्यवाद. टूरवाल्यांना नाही म्हणून कळवतो. आणखी दोन गोष्टी. आई विचारते, तिथे चंद्र कधी उगवतो, संकष्टी कशी सोडायची? आणि लोफोटेनला गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवावी का?

करवीर_पंचांग

आईंना सांगा, प्रश्न अगदी रास्त आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. जूनमध्ये सूर्य तिथे मावळत नाही, म्हणून पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र क्षितिजावर येतच नाही. संकष्टीपर्यंत तो दक्षिणेला थोडा वर आला तरी डोंगराआड राहतो, आणि लख्ख उजेडात दिसायचाही नाही. डिसेंबरात नेमकं उलटं: सूर्य उगवत नाही आणि पौर्णिमेचा चंद्र काही दिवस मावळत नाही. त्यामुळे स्थानिक चंद्रोदय शोधत बसू नये. घरच्या पंचांगातली कोल्हापूरची वेळ घ्यावी आणि त्यातून साडेतीन तास वजा करावेत. इथे रात्री ९:४५ चा चंद्रोदय असेल तर तिथे ६:१५ ला नैवेद्य दाखवून जेवायचं. जेवणाची वेळ संध्याकाळी येते, इन्सुलिनच्या दृष्टीने तेही सोयीचं. एकादशीच्या पारण्यालाही हाच हिशेब.

उत्तरायण

गाडी घ्या, लोफोटेनमध्ये तिच्याशिवाय वयस्कर माणसांना घेऊन फिरणं अवघड आहे. ट्रोम्सोला रेल्वे नाही. ट्रोम्सो ते स्वोल्व्हेर रस्त्याने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, थांबत गेलात तर आठ तास. बाबांच्या गुडघ्यांना एका दिवसात ते जास्त होईल, मध्ये नार्विकला मुक्काम करा.

आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून मिळतो: फॉर्म ४-अ, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही सोबत लागतो. गाडी उजव्या बाजूने चालवायची, दिवे भर उन्हातही लावलेले हवेत. वेगमर्यादा गावात ५०, बाहेर ८०, आणि दंड जबर. मुलीची उंची १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर उंच करणारी सीट सक्तीची आहे, ती गाडीबरोबरच बुक करा. पाच माणसं आणि पाच मोठ्या बॅगा साध्या गाडीत मावत नाहीत. स्टेशन वॅगन घ्या किंवा बॅगा तीनवर आणा.

रात्री गाडी चालवताना दोन धोके. सूर्य अगदी खाली असतो आणि काचेतून थेट डोळ्यात येतो, त्यामुळे गॉगल रात्री अकरालाही लागतो आणि काच आतून-बाहेरून स्वच्छ हवी. दुसरं म्हणजे उजेड आहे म्हणून थकवा जाणवत नाही. मध्यरात्रीचा सूर्य बघून पहाटे दोनला ऐंशी किलोमीटर परत येऊ नका. त्या रात्री मुक्काम जवळच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत कुणालाच उठवू नका. रस्त्यात रेनडियर दिसला तर वेग एकदम कमी करा, एक दिसला म्हणजे मागून आणखी येतात.

रात्रींची वाटणी अशी सुचवतो: ओस्लो १, ट्रोम्सो ३, नार्विक १, स्वोल्व्हेर किंवा लेक्नेसजवळ ४. परतीला लोफोटेनच्या टोकाच्या मोस्केनेसवरून बोडोची फेरी घ्या, साडेतीन-चार तास लागतात. तिथून ओस्लोचं विमान. फेरीवर गाडीची जागा आधी बुक करा, आणि गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडण्याचं वेगळं भाडं लावतात, ते बुकिंगआधी विचारा. केबल कारचं तिकीट मात्र आधी काढू नका. तीन रात्रींपैकी ज्या रात्री उत्तरेला ढग नसतील ती नॉर्वेच्या हवामान खात्याच्या ‘वाय-आर’ ॲपवर दुपारी चारला बघा आणि त्याच दिवशी काढा.